‘इस्त्री’चा खटला

वाईट सिनेमांबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती मी कुणी न विचारता देते. साध्या, सरळ वाईट सिनेमावर माझा राग नाही. तो बिचारा रडवायला जातो आणि हसवतो, पण लबाडी करत नाही. मला चीड येते ती ज्याच्यावरून लोक दोन तट पाडून भांडतात त्या सिनेमाची. अर्धे म्हणतात थोर आहे, अर्धे म्हणतात झोप आली. अशा वेळी झोप आलेलेच बहुतेकदा खरं बोलत असतात, फक्त चारचौघांत तसं म्हणायची त्यांना लाज वाटते. मला वाटत नाही. मी संकलक आहे, जाहिराती कापते. माणसाचा धीर नेमका कुठे सुटतो हे ओळखण्यावरच माझं पोट चालतं.

आणि दैवाचा विनोद असा, की माझे वडील दिग्दर्शक. एकाच सिनेमाचे. त्याचं खरं नाव पोस्टरवर चांगलं ठळक अक्षरांत होतं, पण ते आता कुणालाच आठवत नाही. सगळे त्याला ‘इस्त्री’ म्हणतात.

गोष्ट साधी आहे. एका कारकुनाची नोकरी जाते आणि तो ते बायकोपासून लपवतो. रोज डबा घेऊन बाहेर पडतो, बागेत बसतो, संध्याकाळी घरी येतो. मध्यंतरानंतर एक शॉट आहे. नायकाची बायको टेबलाशी उभी राहून कपड्यांना इस्त्री करते. बस, एवढंच. कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, शब्द नाही. एक शर्ट झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. दहा-अकरा मिनिटं. मध्ये एकदा ती मान वर करून थेट आपल्याकडे बघते आणि पुन्हा खाली घालते. शेवटी तर कहरच. ती आधीच कडक इस्त्री झालेला एक शर्ट परत उचलते आणि पुन्हा इस्त्री करायला लागते.

पहिल्या खेळाला तिसऱ्या शर्टापाशी कुणीतरी ओरडलं, “वहिनी, आमचेही घ्या!” आणि मग थिएटर आवरेना. आठवडा संपायच्या आत सिनेमा उतरला. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या तटाला तो सापडला. त्यांनी लेख लिहिले. दोनदा इस्त्री केलेला शर्ट म्हणजे बाईच्या कष्टांची निष्फळता, आणि ती नजर म्हणजे समाजाला विचारलेला प्रश्न, वगैरे वगैरे.

ती इस्त्री करणारी बाई माझी आई आहे. नटी ठेवायची बाबांची ऐपत नव्हती, म्हणून नायकाच्या बायकोचं काम आईच्या गळ्यात पडलं. सिनेमा आला तेव्हा मी पाळण्यात होते, पण त्याची कीर्ती माझ्या आधी शाळेत पोचली होती. “तुझ्या आईला सांग, आमचे गणवेश राहिलेत.” हे मी किती वेळा ऐकलं असेल ते सांगत नाही. दुकानात कुणी आईकडे बघून गालात हसलं, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आई मात्र शांतपणे पिशवी भरायची. फक्त सिनेमाला जाणं तिनं कायमचं सोडलं. बाबांनी फोटो स्टुडिओ काढला. पासपोर्टचा फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ‘इस्त्री’चा विषय निघाला की ते स्वतःच आधी विनोद करून टाकायचे. “माझा तो गाढवपणा ना? हो, पाहू नका, तब्येत बिघडेल.” मला तो सिनेमा मनापासून नकोसा होता. तो माझ्या आईचं हसं करत होता, आणि वर वाईटही होता.

आता आमच्या क्लबाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव ‘फेरविचार मंडळ’. एका आइस्क्रीमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही रविवारी दुपारी जमतो. क्लब काढला एका दाताच्या डॉक्टरांनी, आणि न्यायाधीशही तेच असतात. बदनाम झालेला एक सिनेमा लावायचा, सगळ्यांनी तो शेवटपर्यंत बघायचा, आणि मग त्याच्यावर खटला. पण आमच्या खटल्याची रीत उलटी आहे. ज्याला तो सिनेमा सगळ्यांत जास्त आवडतो, त्यानं त्याच्याविरुद्ध बोलायचं. ज्याला सगळ्यांत जास्त खटकतो, त्यानं त्याची बाजू घ्यायची. डॉक्टरांचं म्हणणं असं, की किडलेला दात ज्याचा त्याच्याच जिभेला आधी लागतो. दोघांपैकी कुणी हातचं राखून बोललं तर खटला रद्द आणि सिनेमा हरला. मग हात वर करून मतं. दोन्ही वकिलांना मत नाही.

जिंकलेल्या सिनेमाला खालच्या कारखान्यातल्या जुन्या थंड खोलीत जागा मिळते. ही बक्षिसाची गोष्ट नाही. फिल्म उन्हाळ्यात सडते. आधी आंबूस वास येतो, मग ती आकसते, चिकटते, आणि एक दिवस डबा उघडला की आत खरवड.

‘इस्त्री’ची जगात एकच प्रत उरली होती. ती ज्या गोदामात पडली होती ते गोदाम बंद झालं आणि बाबा डबे रिक्षात घालून घरी घेऊन आले. आईनं दार उघडलं आणि नाकाला पदर लावला. “अहो, काय मेलंय यात?”

“काही मेलं नाही अजून,” बाबा म्हणाले. “पण पुढचा उन्हाळा काही निघणार नाही.”

त्यांनी डबे माळ्यावर चढवले आणि विषय संपवला. पण वास संपला नाही. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की खोलीत एका सिनेमापुरती जागा आहे, पण नियम म्हणजे नियम, खटला होईल. मी घरी येऊन बाबांना तसं सांगितलं. मला वाटलं, ते हसून उडवतील. ते म्हणाले, “कधी आणू डबे?”

त्या रविवारी आईही आली. “तुम्ही दोघं तिथे भांडाल आणि लोक बघतील,” असं म्हणून चपला घातल्या आणि आमच्या पुढे जिना चढली. पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर घेऊन.

सिनेमा लागण्याआधी वकील ठरतात. डॉक्टरांनी विचारलं, “हा सिनेमा सगळ्यांत जास्त कुणाला खटकतो?” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वळणारच. गेली कित्येक वर्षं त्याच खोलीत मी प्रत्येक कंटाळवाण्या सिनेमाला “निदान इस्त्री तरी नाही” असं म्हणत आले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आज बाबा भिंतीकडच्या खुर्चीवर बसले होते. मी हात वर केला आणि त्यांच्याकडे बघितलं नाही. मला खरंच वाईट वाटलं, पण हात मी खाली घेतला नाही. खोटं बोलून कुणाचं भलं होणार होतं?

“आणि सगळ्यांत जास्त कुणाला आवडतो?”

आमच्यात एक आर्किटेक्ट आहेत. ‘इस्त्री’वर त्यांनी तीन लेख लिहिलेत आणि चौथा कुणी छापत नाही. ते कागद सावरत उठलेसुद्धा. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

“त्यांना बसायला सांगा. तो मान माझा आहे.”

बाबा उभे होते. मी बघतच राहिले. आयुष्यभर ज्याला गाढवपणा म्हणाले तो सिनेमा त्यांना जगात सगळ्यांत जास्त आवडतो, हे ते भर सभेत, आईसमोर सांगत होते. आणि तसं सांगितल्याची शिक्षा म्हणून आता त्यांनाच तो झोडपावा लागणार होता. मऊ झोडपला तरी तो जाणार, आणि जोरात झोडपून ते जिंकले तरी तो जाणार. आर्किटेक्ट मुकाट्यानं बसले. आपल्याहून मोठा भक्त निघाल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

सिनेमा लागला. मी तो खूप वर्षांनी पाहत होते आणि तो मला आठवत होता त्याहून वाईट निघाला. इस्त्रीचा शॉट आला तेव्हा मी पडद्याऐवजी आईकडे पाहिलं. तिची मान खाली होती. ती पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

आमच्यात बचाव आधी बोलतो. मी उभी राहिले आणि खरं सांगायचं तर छान बोलले. काम म्हणजे काम. दिलेली वाईट वस्तू चांगली म्हणून दाखवणं हा तर माझा धंदा. मी आर्किटेक्टांचेच मुद्दे घेतले, त्यातली अवघड वाक्यं कापली आणि सफाईनं मांडले. पुन्हा उचललेला शर्ट म्हणजे कधीच न संपणारं काम, ती नजर म्हणजे बघ्यांना विचारलेला जाब. आर्किटेक्ट माना डोलवत होते. माझा एका अक्षरावर विश्वास नव्हता.

मग बाबा उठले. पासपोर्टच्या फोटोला माणूस बसवतात तसे त्यांनी स्वतःचे खांदे सरळ केले.

“नायकापासून सुरुवात करतो,” ते म्हणाले. “हा रडतो तेव्हा शिंक अडकल्यासारखा दिसतो. मला ते तेव्हाही दिसत होतं. पण तो माझा मित्र होता आणि फुकट काम करत होता. मैत्रीपायी मी पाहणाऱ्यांना छळलं. दुसरं, बासरी. दुःख आलं की बासरी. लोकांना डोळे नाहीत का?”

लोक हसायला लागले. बाबांना चेव चढला. प्रकाशाच्या चुका, बागेतल्या प्रसंगात तीन वेगवेगळ्या ऋतूंची झाडं, मध्यंतर चुकीच्या जागी. एकेक चूक ते अशी उचलून दाखवत होते, की मला माझ्या नोकरीची काळजी वाटायला लागली. मग त्यांचा आवाज खाली आला.

“आता गोष्टीबद्दल. हा माणूस बायकोपासून नोकरी गेल्याचं लपवतो आणि सिनेमाच्या शेवटापर्यंत तिला कळत नाही. जी बाई रोज त्याचा डबा भरते, त्याचे कपडे करते, तिला दोन दिवसांत कळलं असतं. मी तिला बावळट दाखवलं. हा या सिनेमातला सगळ्यांत मोठा खोटेपणा आहे.”

पहिल्या रांगेत आईनं मान वर केली.

“आणि तो शॉट,” बाबा म्हणाले. “बचावाच्या वकीलबाई फार सुंदर बोलल्या. कष्टांची निष्फळता! मी इतकी वर्षं गप्प बसलो, म्हटलं झाकली मूठ सव्वा लाखाची. पण इथे हातचं राखायचं नाही असा नियम आहे. तर ऐका. त्या शॉटमध्ये काहीही अर्थ नाही. ती चूक आहे. तीन शर्ट झाले की मी ‘कट’ म्हणणार होतो. मी विसरलो. कॅमेरामन माझ्याकडे बघत राहिला, आणि शेवटी आतलं रीळ संपलं म्हणून कॅमेरा थांबला. ‘कट’ म्हणायला विसरलेला दिग्दर्शक म्हणजे ब्रेक विसरलेला ड्रायव्हर. माझं बोलणं संपलं.”

आर्किटेक्टांनी चष्मा काढून हातात घेतला.

“मग तो शर्ट?” त्यांनी कसंबसं विचारलं. “तोच शर्ट पुन्हा?”

उत्तर पहिल्या रांगेतून आलं. “कपडे संपले होते,” आई म्हणाली. “हे काही बोलेनात. मग काय हात बांधून उभी राहू? घेतला परत वरचा.”

“आणि ती नजर? थेट आमच्याकडे?”

“तुमच्याकडे कशाला? यांच्याकडे बघितलं. झालं का, म्हणून.”

अख्खी खोली हसली. आर्किटेक्टही हसले, भला माणूस आहे. आणि हसणं थांबलं तसं माझ्या लक्षात आलं, की माझ्या बचावाचा पार चुथडा झाला होता. मी ज्यावर उभी होते तेच बाबांनी काढून घेतलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “बचावाला काही विचारायचंय? नसेल तर मतं घेऊ.”

मला नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर डबे परत माळ्यावर गेले असते, आणि पुढचा उन्हाळा संपेपर्यंत ‘इस्त्री’चं नाव घ्यायला पुरावासुद्धा उरला नसता. शाळेत असल्यापासून मी याच दिवसाची वाट बघत होते. पण मला राग आला होता. बाबांनी सिनेमाला नावं ठेवली त्याचा नाही, ती सगळी खरी होती. ते माझ्यासमोर, एका संकलकासमोर, अर्धंच सांगून खाली बसले होते, त्याचा.

“विचारायचंय,” मी म्हणाले. “साहेब, उभे राहा.”

“बाबांशी असं बोलतात?” आई पुटपुटली.

“सिनेमाचं संकलन किती दिवस चाललं?”

“दिवस? पाच-सहा महिने.”

“तुम्ही रोज टेबलावर होतात?”

“रोज.”

“संकलक या शॉटबद्दल काय म्हणाले?”

“काप म्हणाले. रोज म्हणायचे. शेवटी शेवटी माझ्याशी बोलेनासे झाले.”

“वितरक?”

“तेही तेच म्हणाले. कापला नाही तर आठवडा काढणार नाही म्हणाले. आणि तसंच झालं.”

“म्हणजे शूटिंगच्या दिवशी तुम्ही ‘कट’ म्हणायला विसरलात. एकदा. मान्य. मग पुढचे पाच-सहा महिने कापायलाही रोज विसरत होतात का?”

उत्तरासाठी मी थांबले नाही. माझ्या टेबलावर रोज अशा चुका येतात. कुणाचा धक्का लागतो, कुणी मध्येच हसतं, कॅमेरा बंद करायचा राहतो. चूक शूटिंगला होते. टेबलावर चूक होत नाही. टेबलावर जे राहतं ते कुणीतरी ठेवलेलं असतं. हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि आवाज चढवून सांगितलं, कारण आयुष्यात याच एका गोष्टीबद्दल माझी पूर्ण खात्री आहे.

“का ठेवला?” मी विचारलं.

बाबा डॉक्टरांकडे वळले. “हे विचारता येतं का?”

“येतं,” डॉक्टर म्हणाले. “आणि हातचं राखता येत नाही.”

बाबांनी खुर्चीची पाठ धरली. विनोद करायची त्यांची एक ठरलेली तयारी असते, ओठ आधी एका बाजूला जातात. ते गेले नाहीत.

“घरी रोज मी आंघोळ करून बाहेर आलो की पलंगावर शर्ट असायचा,” ते म्हणाले. “तो कुठून येतो हे मला माहीत होतं. पण कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ही खोटं काम करत नव्हती, हिला येतच नव्हतं. घरी करते तेच करत होती. कॉलर आधी, मग बाह्या. पाय दुखला की दुसऱ्या पायावर भार. आणि मी बघत राहिलो. म्हणून विसरलो. पुढे टेबलावर रोज ते समोर यायचं. मला वाटायचं, एक बाई एवढा वेळ उभी आहे हे मला दिसायला इतका वेळ लागला, तर लोकांनाही तेवढा दिला पाहिजे. तिथे माझा हिशेब चुकला. लोक तिकीट काढून आले होते, लग्न करून नाही.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आईची बोटं पर्सवर थांबली होती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरात इस्त्री बाबा करतात. मला कळतं तेव्हापासून तेच करतात. माझे शाळेचे गणवेश, आईचे कपडे, पाहुण्यांसाठीच्या चादरीसुद्धा. स्टुडिओ उघडायच्या आधी, सकाळी, रेडिओ लावून. शेजारपाजारचे त्यावरही हसायचे, “साहेबांना शेवटी इस्त्रीचंच काम मिळालं.” मीही तसंच समजत होते. सिनेमा पडला म्हणून हा माणूस बायकोचे कपडे करत बसलाय, ही त्याची शिक्षा आहे, असं मला वाटायचं. आणि त्या शिक्षेची मला लाज वाटायची.

“आई,” मी विचारलं, “बाबा घरात इस्त्री कधीपासून करायला लागले?”

“हे काय मध्येच?”

“सांग ना. सिनेमा पडल्यावर?”

“छे गं. आधीच. ते काटछाट करायला जायचे ना, तेव्हा.” ती आठवत म्हणाली. “एक दिवस संध्याकाळी घरी आले आणि माझ्या हातातून इस्त्री काढून घेतली. एक शब्द नाही बोलले. पहिला शर्ट जाळला. मला वाटलं, डोकं फिरलं सिनेमापायी.”

मी डॉक्टरांकडे वळले.

“बचावाचा शेवटचा मुद्दा,” मी म्हणाले. “शॉट लांब आहे, कबूल. सिनेमा कंटाळवाणा आहे, तेही कबूल. विरोधी वकिलांचे सगळे आरोप मला मान्य आहेत, आणि बासरीबद्दल ते कमीच बोलले. पण हा शॉट बघून काही होतं का, एवढंच विचारा. आम्ही सगळ्यांनी तिसऱ्या शर्टाला मान फिरवली. मी तर सगळ्यांत आधी. एकाच माणसानं तो रोज, शेवटपर्यंत बघितला, आणि त्यानं घरी जाऊन बायकोच्या हातातली इस्त्री काढून घेतली. ती आजतागायत परत दिलेली नाही. मी इतक्या जाहिराती कापल्या, लोकांना साबण बदलायला लावायला माझा जीव जातो. इथे एक माणूस बदलला. हा सिनेमा फेकून द्यायचा असेल तर द्या, पण याच्यात काही अर्थ नाही असं म्हणून देऊ नका.”

डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे दोन प्रश्न विचारले. पहिला, सिनेमाची बदनामी योग्य आहे का? जवळजवळ सगळे हात वर गेले. आर्किटेक्टांचासुद्धा. दुसरा, ठेवायचा का? मी हात मोजायला वळले. मग आर्किटेक्टांनी हात वर केला. मग मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “मला मध्ये झोप लागली होती, पण राहू द्या,” आणि त्यांनीही केला. मग बाकीचे आले. सगळे नाहीत. चार-पाच जण हाताची घडी घालून बसून राहिले, आणि त्यांचंही काही चुकलं नाही. पण पुरले.

हरलेल्या वकिलानं जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा असतो. बाबा माझ्याकडे आले. डोळे लाल होते, आणि ओठ आता एका बाजूला गेले होते.

“हरलो बुवा,” ते म्हणाले.

“जिंकला असतात तर काय केलं असतं?”

“माळ्यावर ठेवला असता. आणि वास आला की तुझी आई मला बोलली असती.” मग हात न सोडता हळूच म्हणाले, “एवढा खटकतो होय तुला?”

“खटकायचा,” मी म्हणाले. “अजूनही बराचसा खटकतो.”

“बराचसा चालेल.”

लोक जिना उतरायला लागले. मशीन चालवणारे काका रिळं डब्यात भरायच्या तयारीत होते. आई मात्र पहिल्या रांगेतून उठली नव्हती.

“चल ना,” मी म्हणाले.

“थांब जरा.” तिनं मागे वळून काकांना विचारलं, “तेवढाच तुकडा परत लावता येईल का हो? कपड्यांचा.”

काका म्हणाले, येईल.

“तू आत्ताच तर बघितलास,” बाबा म्हणाले.

“नाही बघितला. तेव्हाही नाही बघितला. पहिल्या खेळाला लोक ओरडायला लागले आणि मी उठून बाहेर गेले. आज खाली बघत बसले. आणि केला तेव्हा माझं लक्ष तुमच्याकडे होतं, हे बोलतात कधी म्हणून.” तिनं पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली. “बसा दोघं.”

आम्ही बसलो. आई मध्ये. काकांनी पडदे ओढले आणि तो तुकडा लागला. पडद्यावर माझ्याहून कितीतरी लहान असलेली एक बाई टेबलाशी आली, तिनं इस्त्रीच्या तळाला ओलं बोट लावून बघितलं आणि पहिला शर्ट पसरला. कॉलर आधी, मग बाह्या. मी सवयीनं कापायची जागा शोधत होते. तिसऱ्या शर्टाच्या वेळी तिनं पायावरचा भार बदलला आणि मी शोधायचं विसरले. तिनं मान वर करून पाहिलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीत बाबांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. शर्ट संपले. तिनं वरचा परत घेतला. मग एकदम पडदा पांढरा झाला.

आई काही वेळ त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

“संपलं?” तिनं विचारलं.

“संपलं,” बाबा म्हणाले.

“एवढंच होय?” आई म्हणाली. “लोक उगाच म्हणतात लांब आहे.”